अंदाजपत्रकात नसलेली धूळ

"टीबीचा कोर्स दोनदा पुरा केला, साहेब. तरी दम काही कमी होत नाही."

ओपीडीत समोर बसलेला माणूस चाळिशीचा होता. एक जिना चढून आल्यावर पाच मिनिटं त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून सुरुवातीचं सगळं त्याची बायकोच सांगत होती आणि पिशवीतून एकेक एक्स-रे काढून टेबलावर ठेवत होती. सात वर्षांचे एक्स-रे. त्यातला सगळ्यांत जुना आमच्याच रुग्णालयातला निघाला, आणि त्याच्यासोबतच्या केसपेपरवरचं अक्षर माझं होतं. तेव्हा थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग होते, वजन घटलं होतं, खोकला दोन महिन्यांचा होता. मी क्षयाचे उपचार सुरू केले होते. आपल्याकडे असा एक्स-रे पाहिला की बहुतेक डॉक्टर तेच करतात. त्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता : मजुरी.

या वेळी मी जरा पुढे विचारलं.

"काम काय करता?"

"मिस्त्रीकाम."

"म्हणजे नेमकं काय? हातात काय असतं?"

"फरशी बसवतो. टाइल, ग्रॅनाइट, ओटे. कटिंगबी मीच करतो, ग्राइंडरनं."

"किती वर्षं झाली?"

"सतरा-अठरा झाली आसतील."

"पाणी लावून कापता की कोरडं?"

तो हसला. "कोरडंच, साहेब. पाणी लावलं की शॉक बसतो. आन् घरात चिखल झाला की मालकीणबाई ओरडतात."

सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठींचं जाळं होतं. मधल्या लसिकाग्रंथींच्या कडेला कॅल्शियमचा पातळ थर जमला होता, अंड्याच्या कवचासारखा. हे चित्र वैद्यकाच्या पुस्तकात ठळकपणे दिलेलं असतं : सिलिकोसिस. पहिल्या वेळी त्याला क्षय होता की नाही, हे आता सांगता येणार नाही, बहुधा नसावा. दुसऱ्या वेळी मात्र थुंकीत जंतू सापडले होते, म्हणजे तेव्हा तो खरोखरच झाला होता. या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरूनच येतात.

वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट, व्हिट्रिफाइड टाइल या सगळ्यांत स्फटिकरूप सिलिका असते. दगड कापताना जी धूळ डोळ्यांना दिसते ती तितकी धोक्याची नसते, कारण ती नाकात-घशात अडकते आणि शिंकेबरोबर, कफाबरोबर बाहेर पडते. घात करतो तो न दिसणारा कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसातल्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचणारा सिलिकाचा कण ४ मायक्रॉनहून लहान असतो. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते. या चक्रात भोवतालची ऊती सुजत राहते आणि तिथे व्रण तयार होतो. क्षयाच्या जंतूंना आवरण्याचं कामही याच पेशींकडे असतं, त्यामुळे सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. काम सोडलं तरी आत गेलेले कण आतच राहतात आणि आजार पुढे सरकू शकतो. ही प्रक्रिया उलटवणारं औषध आजही नाही.

बांधकामाची पर्यावरणीय किंमत काढताना या माणसाचं फुप्फुस कुठल्या रकान्यात येतं, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

आपल्याकडे ही किंमत काढायची एक अधिकृत पद्धत आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना आधी पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते. पाणी किती लागेल, सांडपाणी कुठे जाईल, झाडं किती तुटतील, माती किती उपसली जाईल, धूळ आणि आवाज कसा आवरणार, हे अर्जात भरून द्यायचं असतं. खाणी आणि कारखान्यांसाठी जी जनसुनावणी घ्यावी लागते, तिच्यातून अशा बांधकाम प्रकल्पांना याच अधिसूचनेने वगळलं. म्हणजे शेजारी राहणाऱ्याला विचारायची गरज नाही.

आणि २० हजार चौरस मीटरच्या खालचं काय? तुमच्या गल्लीतली तीन मजली जुनी सोसायटी पाडून तिथे दहा-बारा मजले चढवायचे असतील, तर ते काम बहुधा या मर्यादेच्या खालीच राहतं. मुंबई, ठाणे, पुण्यात पुनर्विकासाच्या अशा किती इमारती एका वेळी उभ्या राहत आहेत, ते खिडकीतून पाहिलं तरी कळतं. त्यातली प्रत्येक लहान आहे म्हणून मूल्यांकनातून सुटते, आणि सगळ्यांची मिळून होणारी धूळ मात्र कोणत्याच अर्जात नसते.

त्या धुळीचा एक गुणधर्म आहे. पाडकाम, खोदाई, खडी-वाळूची ने-आण यांतून उठणारे कण बरेचसे जाड असतात, म्हणून ते फार लांब जात नाहीत. त्यांची झळ सगळ्यांत जास्त लागते ती साइटवरच्या मजुराला, मग लागून असलेल्या घरांना, मग रस्त्याला. हवा मोजण्याचं केंद्र मात्र तिथून दोन-तीन किलोमीटरवर असू शकतं आणि ते चोवीस तासांची सरासरी सांगतं. सरासरीत काय हरवतं, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो. समजा, साइटला लागून असलेल्या एका खोलीत पाडकामाच्या चार तासांत पीएम १० ची पातळी दर घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम होती आणि उरलेल्या वीस तासांत ५५. चोवीस तासांची सरासरी निघते ९६. भारतीय मानक १०० चं आहे. कागदावर ती खोली नियमात बसली. त्या चार तासांत घरात असलेल्या दम्याच्या आजीबाई संध्याकाळी आमच्या अपघात विभागात नेब्युलायझर लावून बसलेल्या असतात, ते कागदावर येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं चोवीस तासांचं मार्गदर्शक मूल्य तर ४५ आहे.

काहीच होत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली : साइटभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुणं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली हवा इतकी खराब झाली की पालिकेने तिथली सगळी बांधकामंच काही दिवस थांबवली. पत्रे आणि फवारे यांचा उपयोग होतो, मी ते नाकारत नाही. पण पत्रा रस्त्यावरून चालणाऱ्याच्या बाजूने उभा असतो. त्याच्या आतल्या माणसासाठी नियमावलीत मास्क, गॉगल आणि हेल्मेट आहे. आणि साइटवर मी पाहतो ते मास्क म्हणजे बहुतेक वेळा तोंडाला बांधलेला रुमाल. रुमालाने ४ मायक्रॉनचा कण अडत नाही. एन-९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि एप्रिलच्या उन्हात सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन तो आठ तास लावून दाखवावा, अशी मी नियम करणाऱ्यांना नम्र विनंती करीन.

काम बंद ठेवल्याची किंमतही ठरलेली असते, आणि ती रोजंदारीवाला भरतो. दिल्लीत प्रदूषणामुळे बांधकामं थांबली, तेव्हा नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्या काळात मजुरांना कामगार उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्या. त्या उपकराकडे पुढे येतो.

धुळीबद्दल निदान बोललं तरी जातं. पाण्याबद्दल तेवढंही नाही. स्लॅब टाकला की त्यावर सिमेंटच्या छोट्या पाळी घालून वाफे करतात आणि त्यांत पाणी साठवून ठेवतात. काँक्रीटला ताकद यायला ओल लागते. भारतीय मानकानुसार किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर दहा दिवस. आता दुसरा आकडा पाहा. शहरी हिवतापाचा मुख्य डास अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी. त्याला गटार नको असतं. स्वच्छ, साचलेलं, उघडं पाणी हवं असतं. आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. स्थापत्य अभियंत्याचं वेळापत्रक आणि डासाचं वेळापत्रक इतकं जुळावं, याचं मला पहिल्यांदा समजलं तेव्हा नवल वाटलं होतं. त्याच इमारतीत दोन मजले खाली मजुरांची कुटुंबं मच्छरदाणीशिवाय झोपलेली असतात. पावसाळ्यात थंडीतापाचा रुग्ण आला की आम्ही पत्ता विचारतो, खरं तर "जवळपास स्लॅब पडतोय का?" हेही विचारायला हवं. उपाय अगदी स्वस्त आहे : वाफ्यांऐवजी ओली गोणपाटं अंथरायची, टाक्या झाकायच्या, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसायचं. पालिकेचं कीटकनाशक खातं नोटिसा देतच असतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. ओल्या सिमेंटचा सामू १२ च्या वर असतो आणि त्यात क्रोमियम असतं. हातापायांना भेगा पडून इसब झालेले गवंडी त्वचारोग विभागात नेहमी दिसतात, 'सिमेंट हात खातं' असं ते म्हणतात. आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आहे. ब्रेकर चालू असलेल्या इमारतीशेजारी ती कुणी पाळू शकत नाही. राडारोडा खाडीत, नाल्यात, रस्त्याकडेला जातो, त्याचे नियम २०१६ पासून आहेत. आणि सिमेंट बनतानाच शंभर किलो चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीला कोणतंही इंधन लावा. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरला जातो. हा शेवटचा आकडा परिषदांमध्ये सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. मला त्याचं महत्त्व मान्य आहे. पण तो सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी ग्राइंडरजवळ दहा मिनिटं उभं राहून पाहिलंय, असं कधीकधी मनात येतं.

दुसऱ्यांना बोलण्याआधी आमच्या घरचंही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मी काम करत होतो त्या रुग्णालयात एका मजल्याचं नूतनीकरण चाललं होतं. वरच्या मजल्यावर रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण होते, केमोथेरपीमुळे ज्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात असे. जुन्या भिंती आणि छत फोडलं की त्यांतले अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू धुळीबरोबर हवेत मिसळतात. तुम्ही-आम्ही ते रोजच श्वासात घेतो, काही होत नाही. या रुग्णांच्या फुप्फुसात मात्र ती बुरशी वाढते आणि जीव घेऊ शकते. रुग्णालयातल्या बांधकामानंतर असे संसर्ग झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, आणि म्हणूनच तोडफोडीआधी संसर्गाच्या धोक्याचं मूल्यांकन करावं, मजला बंदिस्त करावा, हवेचा दाब राखावा, असे संकेत ठरलेले आहेत. आमच्या वॉर्डात त्या दोन महिन्यांत दोघांना बुरशीचा न्यूमोनिया झाला. एक गेला. तो त्या धुळीमुळेच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण कामाच्या फायलीवर सह्या करणाऱ्या समितीत मी होतो. धुळीसंबंधी त्या फायलीत एकच ओळ होती : 'आवश्यकतेनुसार पाणी फवारावे.' मी ती वाचली होती आणि सही केली होती. वरच्या मजल्यावर कोण झोपलंय, हे मला माहीत होतं. ते त्या फायलीत लिहायचं असतं, एवढं सुचलं नाही.

आता पुन्हा फरशीकडे येऊ, कारण यातला एक भाग तुमच्या-माझ्या हातात आहे. नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा जुनं घर नव्याने करायचं ठरलं की जी तोडफोड आणि कटिंग होतं, ते कोणत्याही पर्यावरण मंजुरीत येत नाही. तिथे विकासक आपणच असतो. हल्ली स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी 'क्वार्ट्झ' नावाने मिळणारा कृत्रिम दगड लोकप्रिय झाला आहे. डाग पडत नाहीत, रंग एकसारखा. त्यात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे असू शकतं. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण २० ते ४५ टक्के असतं, संगमरवरात अगदी थोडं. ऑस्ट्रेलियात हा दगड कापणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या कामगारांना काही वर्षांतच सिलिकोसिस होऊ लागला, तेव्हा १ जुलै २०२४ पासून त्या देशाने त्याचा वापर, पुरवठा आणि निर्मितीवर बंदी घातली. बसवून झालेला ओटा घरच्यांना अपाय करत नाही. अपाय कापणाऱ्याला होतो, आणि तो घर सोडून गेल्यावर.

अमेरिकेत हवेतल्या अशा सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या पाळीला सरासरी ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. बंद खोलीत कोरडं कटिंग चालू असेल, तर पातळी याच्या कित्येक पट जाते. पात्याच्या टोकाशी पाण्याची बारीक धार सोडली तर बहुतेक धूळ जागीच बसते. शॉकची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. पाण्यासाठी बनवलेलं यंत्र आणि बोर्डावर आरसीसीबी लावला तर ती जाते. चिखल पुसता येतो. कापण्याचं काम गच्चीवर किंवा मोकळ्यावर एका जागी करता येतं, आणि ओट्याचा दगड मोजमाप देऊन दुकानदाराकडच्या ओल्या यंत्रावर कापून आणता येतो. काम संपल्यावर कोरडी झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. हे सगळं मी कंत्राटदाराला विचारतो तेव्हा तो म्हणतो, "डॉक्टर, रेट वाढेल." किती वाढेल ते विचारा. मी विचारलं होतं. माझ्या घराच्या कामात ती रक्कम नळांच्या किमतीपेक्षा कमी होती.

राहिला उपकर. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होऊ लागली. ५० कोटींच्या इमारतीमागे ५० लाख. बांधकामाची सामाजिक किंमत अंदाजपत्रकात लिहिली जाते ती बहुधा याच एका जागी. ती रक्कम मिळण्यासाठी मंडळाकडे नोंदणी लागते, आणि नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला. माझा रुग्ण एका घरात तीन दिवस, दुसरीकडे आठ दिवस असं काम करत आला. कायद्याच्या मूळ व्याख्येतून १० लाखांपर्यंतचं स्वतःच्या घराचं काम वगळलेलं होतं. दाखला त्याला कोण देणार? राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं; तिथे सिलिकोसिसचं निदान प्रमाणित झालं की रुग्णाला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख मिळण्याची तरतूद आहे. फुप्फुसाचा भाव पाच लाख, असं कुणी म्हणेल. पण त्यासाठी आधी ते फुप्फुस कशाने गेलं हे डॉक्टरला लिहावं लागतं, आणि तेच आम्ही लिहीत नाही.

आमच्या विभागात आता केसपेपरवर 'मजुरी' लिहिलं तर मी तो निवासी डॉक्टरांना परत देतो. काय काम, कोणतं यंत्र, कोरडं की ओलं, किती वर्षं, हे चार प्रश्न विचारायला दीड मिनिट लागतं. दोनशे रुग्णांच्या ओपीडीत दीड मिनिट म्हणजे काय, हे मला माहीत आहे, आणि त्यांची कुरकुर मला ऐकूही येते.

तो माणूस मधूनमधून येतो. जड काम सुटलं. एका सोसायटीच्या गेटवर बसतो, रात्री ऑक्सिजन कमी होतो का ते आम्ही तपासतो. मागच्या खेपेला त्याच्यासोबत त्याचा मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपासून वडिलांचाच ग्राइंडर चालवतो. मी काही विचारण्याआधी बापानेच सांगितलं, "त्याला पान्याचं मशीन घ्यायला लावलंय, साहेब. पन गिऱ्हाईक नाही म्हनतं कधीकधी." मुलाचा एक्स-रे काढून घेतला आहे. सध्या स्वच्छ आहे.